पिवळा धातू

पोलिसांचा पंचनामा कधी नीट वाचलाय? चोरीला गेलेलं मंगळसूत्र सापडतं, बाई ते ओळखते, हातात घेऊन रडते, आणि तरी कागदावर उतरतं ते "पिवळ्या धातूचे, काळे मणी ओवलेले मंगळसूत्र, जुने वापरते". सोनं म्हणून लिहीत नाहीत. लोक या भाषेची टर उडवतात. मला मात्र त्या दोन शब्दांचं कौतुक आहे, कारण 'पिवळा धातू' खोडून तिथे 'सोने' लिहायचं काम ज्यांच्याकडे येतं त्यांतली मी एक.

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, विट्याच्या अलीकडचे. त्या बाजूला घरटी एक तरी गलाईवाला असतो. पाऊस कमी, शेतीत भागत नाही, म्हणून माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. केरळात जा नाहीतर बिहारात जा, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात एखादा मराठी माणूस धातू वितळवायची मूस आणि चिमटा घेऊन बसलेला सापडतोच. आमचे आण्णा सव्वीस वर्षं कोझिकोडला होते. अजूनही रागावले की मल्याळममध्ये रागावतात, म्हणजे आम्हाला कळू नये म्हणून. पण आम्हाला नेमकं तेवढंच मल्याळम येतं.

आता दुकान पुण्यात, रविवार पेठेत, सोन्या मारुती चौकापासून आत, दुसऱ्या मजल्यावर. खाली पिशव्यांचा घाऊक व्यापारी, समोर अमृततुल्य, वरच्या माळ्यावर बंगाली कारागीर. मी बी.एस्सी. केमिस्ट्री करून घरच्याच भट्टीशी येऊन बसले आणि कर्ज काढून टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढायचं मशीन घेतलं. एक्सआरएफ म्हणतात त्याला. आतून क्ष-किरण सोडतं, धातूतून जे परत येतं ते वाचतं आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर सोनं किती, चांदी किती, तांबं किती. दागिन्याला ओरखडाही येत नाही. आण्णा त्याला 'टीव्ही' म्हणतात.

तस्करीतल्या मालाच्या तपासणीसाठी तपास यंत्रणांचे लोक आमच्याकडे येऊ लागले ते या टीव्हीमुळेच. पहिलाच माल मला चांगला आठवतो. 2016 साल. ट्रॉली बॅगच्या चाकांतून काढलेल्या आठ सळ्या, पांढऱ्या, जेमतेम बोटाएवढ्या. मी एकेक मशीनखाली धरली. चांदी, चांदी, चांदी. दाखला टाइप करायला घेतला होता. आण्णा जेवून आले, हात पुसता पुसता त्यांनी एक सळी उचलली आणि तळव्यावर दोनदा उडवली.

"ही चांदी?"

"मशीन म्हणतंय."

"मशीनला हात हाय का?"

कसोटीच्या दगडावर ओढली, पांढरी रेघ. मग कानस घेतली, तीन-चार हात मारले, त्याच जागेवरून परत कसोटीवर ओढली. पिवळी रेघ. मी खुर्चीत तशीच बसून राहिले.

झालं होतं ते असं. हे मशीन धातूची वरची कातडी वाचतं, मायक्रोमीटरमध्ये मोजावी एवढी पातळ. वर चांदीचा पुरेसा जाड मुलामा असेल तर खालच्या सोन्याची सही वरपर्यंत पोचतच नाही. मशीनचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं बरोबर दिलं होतं, प्रश्नच चुकीचा होता. आणि आण्णांच्या तळव्यानं जे केलं ते मी आठवीत शिकले होते. सळी आठ मिलिमीटर जाड, पाच सेंटिमीटर लांब. चांदीची असती तर 26 ग्रॅमच्या आसपास भरली असती. ती 48 भरत होती. चांदीची घनता साडेदहा, सोन्याची 19.3. काट्यावरचा आकडा माझ्याच हातानं वहीत लिहिलेला होता आणि मी भागाकार केला नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी हात, मग काटा, मग पाण्यात बुडवून घनता, मग कानस आणि कसोटी, आणि सगळ्यात शेवटी मशीन. घनतेवरही आंधळा भरवसा नाही, कारण टंगस्टन 19.25 भरतं, सोन्याच्या अगदी शेजारी. ती शंका आली तर आवाजाच्या लहरी सोडून पाहायचं, टंगस्टनमधून आवाज कितीतरी जोरात धावतो. नाहीतर सरळ कापायचं. कापलेलं सोनं खोटं बोलत नाही.

आणि अगदीच काटेकोर आकडा हवा असेल तर अजूनही आगच लागते. चिमूटभर नमुना, त्यात चांदी घालायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचं आणि हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून हजार-अकराशे अंशांच्या भट्टीत सोडायचं. शिसं वितळताना सगळं हीण पोटात घेतं आणि वाटीत मुरतं. मागे राहतो सोन्या-चांदीचा मणी. तो ठोकून पातळ करायचा, शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचा, चांदी निघून जाते आणि उरतं ते सोनं. हॉलमार्किंग केंद्रं हेच करतात, भारतीय मानकात ही पद्धत लिहिलेली आहे. शेकडो वर्षांची रीत आहे आणि अजून तिला हरवणारं स्वस्त यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

त्या सळ्यांच्या खटल्यात तीन वर्षांनी साक्षीला बोलावणं आलं. शिवाजीनगर कोर्ट. सरकारी प्रयोगशाळेच्या ठरावीक अधिकाऱ्यांचा अहवाल त्यांना न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, पूर्वी फौजदारी संहितेचं 293 कलम होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 329. आमच्यासारख्या खासगी तज्ज्ञाला ही सवलत नाही. स्वतः जाऊन पिंजऱ्यात उभं राहायचं आणि उलटतपासणी सोसायची. मला वाटतं ते योग्यच आहे, त्या दिवशी मात्र वाटलं नव्हतं.

मी घनता, कसोटी, मुलामा असा सगळा अभ्यास पाठ करून गेले होते. बचावाच्या वकिलांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या काट्याचं पासिंग कधी झालं होतं?"

वजनकाट्याला दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. आमचा शिक्का वजन केलं त्या दिवशी अकरा दिवसांपूर्वी संपलेला होता. अकरा दिवस! काटा बरोबर होता, नंतर पास करून घेतला तेव्हा एका मिलिग्रॅमचाही फरक निघाला नाही. पण त्या दिवशीच्या कागदावर तो काटा म्हणजे टेबलावर ठेवलेली एक वस्तू होती, बस. "होय, मुदत संपली होती," एवढं बोलून मी खाली पाहिलं. सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ बसले होते, दुसऱ्या खटल्यातले साक्षीदार. माझं तोंड बघून त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. त्यांचा विषय रक्तचंदन. हे झाड निसर्गतः वाढतं ते दक्षिण आंध्रातल्या शेषाचलमच्या आसपासच्या डोंगरांत, आणि तिथून ट्रक निघतात ते बंदरांकडे, कागदोपत्री दुसरंच काहीतरी भरून. सर सांगत होते की ओंडक्याचा कागदासारखा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी बघायची, नुसत्या लाल रंगावर जायचं नाही. रक्तचंदनाचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो, गार पाण्यात उतरत नाही. त्याचा भाऊबंद म्हणजे आपला बिबळा, ज्याच्या लाकडी पेल्यातलं पाणी मधुमेहाची माणसं पितात. त्याच्या पाण्याला उन्हात धरलं तर निळसर झाक दिसते. "मी झाडाचं नाव सांगतो," सर म्हणाले, "ट्रक कुणाचा ते मला विचारू नका. विचारलं तरी मी सांगत नाही, आणि तुम्हीही सांगत जाऊ नका." त्यांचा पुकारा झाला, ते उठून गेले. लाडू चांगला होता.

आता 2025 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. पहाटे पावणेसहाला फोन. मुंबईहून येणाऱ्या बसमधून एकाला उतरवलंय, कमरेला पट्टा आहे, पट्ट्यात पेस्ट आहे, दुकान उघडता का? यंत्रणा कोणती ते इथे लिहीत नाही. मी आणि आण्णा शटर वर करेपर्यंत माळ्यावरचे कारागीर जागे होऊन जिन्यातून डोकावत होते. तीन अधिकारी, दोन पंच आणि मध्ये तो. चोवीस-पंचवीसचा असेल, बोलण्यावरून सोलापूरकडचा वाटला. पायात नवे कोरे बूट, दुबईचेच असणार.

सोन्याची पेस्ट बघितली नसेल तर सांगते, बघून कुणाला सोनं वाटणार नाही. भिजवलेल्या मुलतानी मातीसारखा रंग, हाताला चिकट, पुरणाइतकी मऊ. सोन्याची बारीक भुकटी मेणासारख्या कशात तरी मळलेली असते. दांडा नाही, धार नाही, हवा तो आकार घेते, म्हणून पट्ट्यात, गुडघ्याच्या कॅपमध्ये, चपलेच्या तळव्यात आणि माणसाच्या पोटातसुद्धा जाते. पोटातलं असेल तर प्रकरण वेगळं, तिथे डॉक्टर आणि एक्स-रे लागतो, माणूस राजी नसेल तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम. आमच्याकडे येतो तो फक्त माल.

काटा लावला. आधी मानक वजनं ठेवून पंचांना आकडा दाखवला आणि काट्याच्या पासिंगच्या दाखल्याचा फोटो पंचनाम्याला जोडायला दिला. हे मला कुणी सांगावं लागत नाही आता. पट्ट्यातून काढलेली पाकिटं, प्लास्टिकसकट, 1186.20 ग्रॅम. प्लास्टिक सोलून नुसती पेस्ट 1131.50. मग मूस भट्टीत.

मेण आधी जळतं. मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास, पण खोलीभर, आणि काळा धूर. पंच खोकत खिडकीपाशी गेले. मी म्हटलं, काका, खोका, पण नजर इकडे ठेवा, सही तुमची आहे. धूर सरला की तळाशी तपकिरी रवा दिसतो, जळलेल्या दुधाच्या भांड्यासारखा. त्यावर सवागी, म्हणजे टाकणखार, टाकायची आणि आच वाढवायची. सोनं वितळतं 1064 अंशांना. तोवर नुसती लाल खदखद असते, आणि मग अचानक काहीतरी एकत्र येतं. कडेकडेचे मणी पळत मधल्या थेंबाला मिळतात आणि मळी बाजूला सरते. मध्ये एक गोल आरसा, त्याला किंचित हिरवट झाक. लहानपणापासून हजारदा पाहिलं असेल, पण त्या क्षणी आमच्या खोलीत कुणी बोलत नाही. त्या दिवशीही सगळे गप्प होते. तो मुलगाही मान उंच करून बघत होता.

साच्यात ओतलं, विझवलं, पुसलं, तयार झालेली लगड काट्यावर ठेवली. 968.40.

अधिकाऱ्यांचा चेहरा थोडा उतरला. का, ते सांगते. त्या आठवड्यात दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या अलीकडे-पलीकडे होता, म्हणजे किलोला सरळ कोट रुपये. आणि सीमाशुल्क कायद्याच्या 104 कलमात, न जाहीर करता आणलेल्या मालाची बाजारभावानं किंमत एक कोटीच्या वर गेली की गुन्हा अजामीनपात्र होतो. पाकिटासकट वजन धरलं तर कोटीच्या बरंच वर. वितळवून हाती आलं ते सत्त्याण्णव लाखांच्या आतबाहेर. मधलं अंतर म्हणजे मेण, मळी आणि प्लास्टिक. एका माणसाला जामीन मिळणं किंवा न मिळणं त्या धुरात अडकलेलं होतं.

"मॅडम, ग्रॉस वजन पण लिहा ना, ठळक."

"लिहिणारच आहे. तिन्ही वजनं लिहिते. पाकिटासकट, पेस्टचं, लगडीचं. किंमत मात्र लगडीची."

"आणि विदेशी बनावटीचं, एवढं टाका."

"ते नाही टाकता येणार, साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते. रात्रभर जागे होते आणि त्यांच्या वरिष्ठांना दोन ओळी हव्या होत्या. पण सोन्याला गाव नसतं. बिस्किटावर परदेशी रिफायनरीचा शिक्का आणि नंबर असेल तर मी तो वाचून लिहीन. पेस्टवर काय शिक्का असणार! 994 टंच, म्हणजे हजारात 994 भाग सोनं, आलं म्हणून ते दुबईचं होत नाही. त्याच टंचाचं सोनं माझ्या शेजारच्या गाळ्यातही निघतं. सोन्यातल्या अतिसूक्ष्म अशुद्धी मोजून ते कोणत्या खाणीतलं हे सांगायची विद्या आहे, दक्षिण आफ्रिकेत खाणीतून चोरलेल्या सोन्यासाठी ती वापरतात. पण चार ठिकाणचं सोनं एकदा एका मुशीत गेलं की तो ठसाही विरतो. आणि खरं तर साहेबांना माझ्या त्या शब्दाची गरजच नव्हती. सोन्याच्या बाबतीत कायद्याचं 123 कलम आहे. वाजवी संशयावरून जप्त केलेलं सोनं तस्करीचं नाही, हे ज्याच्याकडे सापडलं त्यानं सिद्ध करायचं. मी उगाच 'विदेशी' लिहून गेले असते तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच आला असता, "मॅडम, कशावरून?" आणि त्या एका शब्दापायी बाकीची तिन्ही वजनं गेली असती. अकरा दिवसांचा धडा मला पुरला आहे.

साहेबांनी ऐकलं. म्हणाले, "बरं, जे दिसलं ते लिहा." लगडीच्या दोन टोकांतून, एक वरून एक खालून, नमुने काढले, वेगवेगळ्या पाकिटांत घातले, लाख लावली, पंचांच्या सह्या.

या सगळ्यात तो मुलगा हळूच म्हणाला, "ताई, किती भरलं?"

मी साहेबांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. सांगितलं, नऊशे अडुसष्ट.

"मला तर अकराशे सांगितलंतं," तो म्हणाला. मग स्वतःशीच, "म्हणजे तिकडंच..." आणि थांबला.

पकडला गेला नसता तरी तो गोत्यातच आला असता, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं असावं. कारण पट्टा जिथे पोचायचा होता तिथेही कुणीतरी मूस तापवून बसलेलं असणार, तिथेही मेण जळणार, काट्यावर आकडा येणार आणि कमी पडलेलं सोनं याच्या अंगावर निघणार. दोन्ही टोकांना आमच्याच धंद्यातला माणूस. हे मला आवडत नाही, पण खरं आहे. पेस्ट कशी मळतात हे ज्याला माहीत तोच ती उकलू शकतो.

आण्णांना मी एकदा सरळ विचारलं होतं, कोझिकोडला तुमच्याकडे बिस्किटं घेऊन कोणी यायचं का? सोने नियंत्रण कायदा 1990 पर्यंत होता, सोन्याचं बिस्कीट घरात बाळगणंही गुन्हा होता त्या काळात. दहा तोळ्यांची बिस्किटं, 116.64 ग्रॅमची. आण्णांना ते वजन दशांश चिन्हासकट पाठ आहे.

"तवा कायदाच येगळा हुता," एवढंच म्हणाले आणि चहा सांगायला खाली गेले. दुकानात इंटरकॉम आहे.

आता जरा कायद्याबाहेरचं. 2024 च्या जुलैमध्ये सोन्यावरचं आयातशुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आणलं तेव्हा आमच्या गल्लीत बरेच जण म्हणाले, संपली तस्करी. गणित तसंच दिसतं, किलोमागे सुटणारे पैसे निम्म्याहून कमी झाले. पण मग भाव वर गेला आणि कोटभर रुपयांच्या सहा टक्क्यांत एखाद्या मुलाचं तिकीट, नवे बूट आणि वर थोडे पैसे तेव्हाही आरामात बसत होते.

सगळं आवरेपर्यंत सव्वानऊ. लगड सील झाली, दाखला झाला, चहाचे ग्लास परत गेले. राहिली फक्त मूस. गरम मुशीच्या कडांना, भेगांना सोन्याचे बारीक मणी चिकटून राहतात. गलाईच्या धंद्यात मूस गलाईवाल्याची, हा न बोललेला करार आहे. अशा मुशा साठवायच्या, वर्षाकाठी फोडायच्या, केरकचऱ्याबरोबर त्यातला न्यारा, म्हणजे अडकलेलं सोनं, काढायचा, त्यावर कित्येकांच्या पोरींची लग्नं झाली आहेत. मी मूस पंचांसमोर खरवडली. 0.38 ग्रॅम निघालं. ते वेगळ्या पुडीत, वेगळ्या ओळीत लिहिलं, आणि मूसही कागदात गुंडाळून त्यांच्या डब्यात दिली. साहेब म्हणाले, अहो, ही कशाला? मी म्हटलं, राहू द्या.

ते लोक गेल्यावर आण्णा भट्टीपाशी आले. चिमटा जागेवर ठेवला, इकडेतिकडे पाहिलं.

"मूस पण दिलीस?"

"दिली."

"नवी हुती ती. चारशेची."

"बिलात लावलीय."

"लाव," म्हणाले आणि टीव्हीवरची धूळ फडक्यानं पुसायला लागले.